टोकं मोडणारा नागप्पा

नागप्पानं उभ्या आयुष्यात बैलावर हात उगारला नाही. माणसांना मात्र त्यानं पोटभर मारलं. आमच्या माकणीत बैल बाळगणारा असा एक गडी सापडायचा नाही, ज्याच्या गालाला नागप्पाचा हात ठाऊक नाही. सरपंचाच्या मेव्हण्याला त्यानं त्याच्याच गोठ्यात वाजवली होती, कारण तो कामाच्या वेळी बैलाच्या तोंडासमोर मोबाइल धरून फोटो काढत होता. मला पहिली बसली ती लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला, सासऱ्यांच्या देखत. बैलाच्या मागं उभा राहून मी सासऱ्यांना तंबाखू मळून देत होतो, एवढाच माझा गुन्हा. दोन दिवस माझा कान वाजत होता आणि सासरे सहा महिने हसत होते.

थप्पड दिली की तो लगेच विचारायचा, “लागलं का?”

“व्हय,” म्हणावंच लागायचं, कारण खरंच लागलेलं असायचं.

“मग ध्यानात ऱ्हाईल.” एवढं म्हणून तो पुन्हा कामाला वाकायचा. राग नाही, माफी नाही.

त्याचा धंदा शिंगं साळायचा. वर्षभरात बैलाच्या शिंगाला खपल्या धरतात, साल सुटते. पोळ्याच्या आधी ती कानशीनं घासायची, काचेच्या तुकड्यानं तासायची, शिंग गुळगुळीत झालं की मालक त्यावर रंग देतो, बेगड चिकटवतो. साळणारे आमच्याकडं आणखीही होते. पण ते शिंगाचं टोक काढून देत, अणकुचीदार. बैल मिरवणुकीत रुबाबदार दिसतो म्हणून लोकांना तेच हवं असायचं. नागप्पा उलटं करायचा. शिंग आरशासारखं चकचकीत करून द्यायचा आणि शेवटी टोक मोडायचा. त्यावर आपला अंगठा टेकवून बघायचा. अंगठा सपाट बसला की काम संपलं. शिंगं मोडून वासरांत शिरणारे पुष्कळ पाहिले, पण दुसऱ्यांच्या बैलांची शिंगं मोडून शिव्या खाणारा हा एकच. तोंडावर आम्ही मामा म्हणायचो, अहोजाहो करायचो. माघारी सगळे त्याला टोकमोड्या म्हणायचे.

तीस वर्षांपूर्वी तो बायकोला, रुद्रम्माला, घेऊन कर्नाटकातून आमच्या गावात आला. तिकडं काय झालं होतं ते कधी बोलला नाही. बोलताना मधूनच “यप्पा” म्हणायचा, तेवढाच काय तो मागचा मुलूख त्याच्यात उरला होता.

त्याच्याकडं साळायला बैल दिला की मालकाचं मालकपण दोन तासांपुरतं संपायचं. जनावराला हात लावायच्या आधी त्याला हाक मारायची, कारण बेसावध जनावर आधी लाथ घालतं आणि मग बघतं. भिंत आणि बैल यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. आपल्या पाठीमागं पळायची वाट मोकळी ठेवायची. कासरा मुठीत धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. कानस हातातून पडली तर पडू द्यायची, बैलाच्या डोक्याखाली वाकून उचलायची नाही. आणि पोळ्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. तो स्वतः घ्यायचाच, वर ज्याच्या घरी काम असेल त्यालाही विचारायचा. घेतलं नसेल तर, “मग आज न्हाय साळत,” म्हणून पिशवी उचलून चालू लागायचा.

हे सगळं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पडलेली कानस उचलायला वाकला त्या दिवशी त्याचा डावा डोळा गेला. गुंडाळलेल्या कासऱ्यानं डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून उपटली. भिंतीला चिरडून तीन बरगड्या मोडल्या, त्या वाकड्याच जुळल्या. अंगरखा काढून तो हौदावर आंघोळीला बसला की बघणारा नजर फिरवायचा. मी एकदा म्हणालो, “मामा, एवढं सोसलं, तर धंदा सोडायचा.” तर म्हणाला, “म्या सोडला तर दुसरा सुईवानी टोक काढून दील. मग तुमी मरचाल.”

ह्या वर्षी नेमकं तेच झालं. आणि ते आमच्या घरात झालं.

आमचा बैल वानेऱ्या. देवणी जातीचा, अंग पांढरं, तोंड काळं. देवणी जात मुळात गरीब. आमची आई त्याच्या पोटाखालून वाकून शेण काढायची. नागप्पाला ते बघवायचं नाही. “गरीब बैलच मानूस मारतो,” असं तो सारखा म्हणायचा. “मारक्या बैलापाशी मानूस जपून जातो. गरिबापाशी कोन जपतंय?” आई हसायची. आपलं जनावर आपल्याला काय करतंय, असं म्हणायची. हे वाक्य आमच्या अख्ख्या मुलखात दिवसातून शंभर वेळा म्हटलं जातं, आणि मीही म्हणत आलो.

माझा धाकटा भाऊ श्रीनाथ. बावीस वर्षांचा, अंगानं मजबूत, डोक्यानं मोबाइलमध्ये. गेल्या पोळ्याला दुसऱ्या कुणाच्या तरी खिलारीची मिरवणुकीतली चित्रफीत हजारो लोकांनी पाहिली, तेव्हापासून याच्या पोटात दुखत होतं. यंदा वानेऱ्याची शिंगं सुईसारखी करायची, मिरवणुकीत स्वतः धरायचा आणि त्याची चित्रफीत टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

पोळ्याच्या तीन दिवस आधी नागप्पा आमच्या गोठ्यावर आला. लिंबाच्या बुडख्याला वानेऱ्याचं मुंडकं आवळून बांधलं आणि काम सुरू केलं. बघायला आठ-दहा माणसं जमली होती. उजवं शिंग झालं, टोक मोडलं. डाव्याला हात घालताना श्रीनाथ म्हणाला, “मामा, टोक ठिवा.”

“न्हाय.”

“बैल आमचा हाय.”

“पोट बी तुमचंच हाय,” नागप्पा म्हणाला, आणि त्यानं टोक मोडलं.

श्रीनाथची जीभ सुटली. दोन बोटांचा थोटा, काणा, भिऊन भिऊन धंदा करतो, असं काहीबाही तो बोलला. बोलता बोलता बैलाच्या मानेवरून पलीकडं हात घालून नागप्पाच्या हातातली कानस ओढू लागला. बैलानं मुंडक्याला हिसका दिला, शिंग श्रीनाथच्या गळ्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. नागप्पा उठला आणि त्यानं श्रीनाथला अशी लगावली की तो गव्हाणीत जाऊन पडला. ओठ फुटला, रक्त आलं. जमलेली माणसं हसली.

“लागलं का?” नागप्पानं विचारलं.

श्रीनाथनं ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. उठला आणि निघून गेला. मला मात्र लागलं. माझ्या भावाला चारचौघांत मारलं, माझ्याच गोठ्यात, आणि माणसं हसली. तो गळ्याजवळून गेलेला शिंगाचा हिसका मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी मला दिसला तो फक्त पाणउतारा. आज मला स्वतःची शरम वाटते. त्या दिवशी रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीनाथ वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडर घेऊन आला. लोखंड कापायची फिरती चकती. म्हणाला, “दादा, तू नुसतं मुंडकं धर. मला एकट्याला जमायचं न्हाय.”

मी एकदा नको म्हणालो. दुसऱ्यांदा तो सुजलेल्या ओठानं म्हणाला, तेव्हा मी दोर हातात घेतला.

ग्राइंडर सुरू झाला आणि वानेऱ्या थरथर कापायला लागला. ती किरकिर कानात दाभण घातल्यासारखी होती. शिंगातून धूर निघाला, जळलेल्या केसांचा वास गोठाभर पसरला. शिंग वरून हाडासारखं दिसतं, पण आत ते जिवंत असतं. नागप्पा कानशीनं हळूहळू घासायचा ते त्यासाठीच. मोडलेलं टोक पुन्हा अणकुचीदार करायचं तर बरंच आत जावं लागतं, आणि श्रीनाथ गेला. डाव्या शिंगातून रक्ताचा थेंब आला, मग धार लागली. वानेऱ्यानं असा हंबरडा फोडला की आई घरातून पळत आली. मी दोर सोडला नाही. उलट लिंबाला आणखी एक वेढा दिला. श्रीनाथनं दोन्ही टोकं पुरी केली, वर हळद दाबली. पोळ्याच्या सकाळी त्यावर रंग आणि चंदेरी बेगड चढलं, आणि झालेलं सगळं त्याच्याखाली झाकलं गेलं.

मारुतीच्या देवळाभोवती आमच्याकडं पोळा फिरतो. हलगी, गुलाल, झुली, घुंगरमाळा, सगळं गाव जमलेलं. नुकतीच नवी वेसण घातल्यानं वानेऱ्याचं नाक हुळहुळं होतं, म्हणून कासरा शिंगांच्या बुडाशी बांधला होता. श्रीनाथनं तो कासरा डाव्या मनगटाला चार वेढे देऊन गुंडाळला. उजव्या हातात त्याला मोबाइल धरायचा होता.

नागप्पा देवळाच्या ओट्याजवळ उभा होता. दरवर्षी तिथंच उभा राहायचा, धुतलेलं धोतर नेसून, आपल्या हातचं काम बघत. वानेऱ्या समोर आला तशी त्याची नजर शिंगांवर गेली. एकाच डोळ्यानं त्यानं सगळं ओळखलं. “यप्पा!” असं तो मोठ्यानं म्हणाला आणि गर्दीतून पुढं सरकला. “पोरा, कासरा सोड! आधी कासरा सोड!”

तेवढ्यात कुणीतरी पिपाणी वाजवली. कर्कश, लांबलचक. ग्राइंडरच्या आवाजाशी तिचा फार फरक नव्हता.

वानेऱ्या उसळला. श्रीनाथ पालथा पडला आणि बैलाबरोबर फरफटत निघाला. कासऱ्याचे वेढे आवळत गेले, हात सुटेना. छाती दगडांवरून, तोंड फरशीवरून. विजेच्या खांबाच्या ओट्यावर त्याचं डोकं आपटलेलं मी ऐकलं. बाया किंचाळत पळाल्या. दुसरे दोन बैल दावी तोडून गर्दीत घुसले, एक म्हातारा पायाखाली आला. माझा भाऊ मरत होता आणि मी हातात गुलालाची पिशवी धरून उभा होतो.

नागप्पा पासष्ट वर्षांचा. तो मागून धावला नाही, समोरूनही नाही. खांद्याच्या बाजूनं बैलाला गाठलं, “ए वानेऱ्या, ए राजा,” अशी हाक दिली, तशाही वेळी दिली, आणि कमरेचा चाकू काढून ताणलेला कासरा एका फटक्यात तोडला. श्रीनाथ सुटला. त्याच्या मनगटाची कातडी मोज्यासारखी उतरून बोटांवर आली होती, आत पांढरं हाड दिसत होतं.

सुटलेला बैल गर्रकन वळला. नागप्पाच्या पाठीमागं देवळाची भिंत होती. ज्या जागेवर उभं राहिलं म्हणून त्यानं तीस वर्षं लोकांची थोबाडं रंगवली, त्याच जागेवर तो उभा होता, कारण श्रीनाथपर्यंत पोचायला दुसरी जागाच नव्हती. डावं शिंग बेंबीच्या खाली घुसलं. बैलानं मुंडकं वर केलं, नागप्पाचे पाय जमिनीपासून सुटले. दुसऱ्या हिसक्याला तो भिंतीवर आदळून खाली आला. शिंग बाहेर आलं तेव्हा बेगड नावालाही राहिलं नव्हतं.

मग गावाला शौर्य सुचलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. वीस-पंचवीस जण काठ्या, गज घेऊन वानेऱ्यावर तुटून पडले. तो आता नुसता उभा होता, धापा टाकत, आणि त्याच्या पाठीवर, तोंडावर, डोळ्यांवर काठ्या पडत होत्या. एकानं कुऱ्हाड आणली. भिंतीशी पडलेला नागप्पा ओरडला, “त्याला मारू नका! त्यानं काय केलंय? टोक कुनी काढलं त्याला विचारा!”

कुऱ्हाडवाल्यानं उगारलेला हात खाली घेतला. कुणी विचारलं मात्र नाही. मी मान खाली घातली.

मी नागप्पाजवळ गेलो तर धोतर लाल झालं होतं आणि फाटलेल्या पोटातून आतडं बाहेर आलं होतं. कुणीतरी ते आत ढकलायला हात पुढं केला. नागप्पानं त्याच्या हातावर फटका मारला. “आत ढकलू नगं. स्वच्छ फडका भिजवून वर टाक. पानी पाजू नगं मला. आन त्या पोराला आधी जीपीत घाला, डोक्याला लागलंय त्याच्या.” स्वतःचं पोट उघडं पडलेलं असताना हा माणूस आम्हाला काय करायचं ते सांगत होता. रुद्रम्मा धावत आली. ती रडली नाही. पदर भिजवून तिनं त्याच्या पोटावर पसरला आणि जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आम्ही लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तिथून अँब्युलन्सनं सोलापूरला.

श्रीनाथचा हात वाचला. पुढं मांडीची कातडी काढून मनगटावर लावली. बोटं वळतात, मूठ पुरती मिटत नाही. डोक्याला नुसते टाके पडले, तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. नागप्पाचं पोट डॉक्टरांनी दोनदा उघडलं. पाचव्या दिवशी ताप चढला तो उतरेना. आतड्यातली घाण पोटात पसरली होती.

त्या दुपारी दवाखान्याच्या बाहेर पायऱ्यांवर मी रुद्रम्माजवळ बसलो होतो. ती आपणहून बोलायला लागली.

“ह्यांचा धाकटा भाऊ व्हता, कल्याणप्पा. आमच्याकडं कारहुणवीला, तुमच्या पोळ्यावानीच सन त्यो, बैल पळिवतेत. ह्यांनीच शिंगं साळली व्हती. सुईवानी केली. गावानं वाहवा केली. दिवस मावळायच्या आत त्याच शिंगानं कल्याणप्पाचा गळा फाडला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तवापासून टोक मोडतेत. आन तवापासूनच लोकांना मारतेत. मला म्हनतेत, त्या दिशी मला कुनी एक मुस्काटात दिली असती, तर भाऊ जित्ता ऱ्हायला असता.”

माझ्यानं तिथं बसवेना. मी उठून आत गेलो.

नागप्पा अर्धा झाला होता. ओठ फुटलेले, नाकात नळी, पोटाला पट्ट्या. डोळा मात्र जागा होता.

“पोराचा हात कसा हाय?”

“वाचला, मामा.”

“बैल?”

“बांधलाय. त्यानंतर कुनाला हात लावू दिला न्हाय.”

“टोकं?”

“श्रीनाथनं काल मोडली. एका हातानं. तुमच्याच कानशीनं. अंगठा टेकवून बघितला.”

त्यानं डोळा मिटला. मला वाटलं झोपला. मग हळूच म्हणाला, “शिंगाला मिशनीचा वास येत व्हता. मिशन धरायला एक मानूस लागतो. मुंडकं धरायला दुसरा लागतो. दोर कुनी धरला व्हता?”

मी काहीही सांगू शकलो असतो. गावातल्या कुणाचंही नाव. “म्या,” मी म्हणालो. “म्या धरला व्हता, मामा. तुमी त्याला मारलं मनून मला राग आला व्हता.”

“हितं ये.”

मी खाली वाकलो. मला ती थप्पड हवी होती. पाच दिवस मी तिचीच वाट बघत होतो, दोन दिवस कान वाजेल अशी, पायरीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशी. नागप्पानं दोन बोटं नसलेला हात पांघरुणातून काढला, वर नेला. तो हात हवेत कापत राहिला आणि मग माझ्या गालावर येऊन टेकला. तापानं गरम होता. तिथून घसरून गादीवर पडला.

“लागलं का?” त्यानं विचारलं.

“न्हाय,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. “मग गेलो म्या,” म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मी आयुष्यभर लहानसहान गोष्टींत खोटं बोलत आलोय. आईशी बोललोय, बायकोशी बोललोय, बाजारात तर रोज बोलतो. त्या एका वेळेला नुसतं “व्हय” म्हणायचं होतं, तर खरं बोलून बसलो.